इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम घरी कसे ओळखावेत आणि कसे हाताळावेत

कर्करोगावरची इम्युनोथेरपी घेऊन रुग्ण पुण्याहून किंवा मुंबईहून सोलापूरला परततो, तेव्हा घरच्यांच्या मनात केमोथेरपीचेच चित्र असते. केस गळतील, उलट्या होतील, तोंड येईल, पांढऱ्या पेशी उतरतील, या तयारीने सगळे बसलेले असतात. आठवडा जातो, दोन आठवडे जातात, यांतले काहीच होत नाही आणि घर निर्धास्त होते. या औषधांचा स्वभाव मात्र त्यानंतर दिसू लागतो. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सव्वा वर्ष हे औषध चालू होते. त्या काळात मी जे शिकलो, त्यातला बराच भाग चुकूनमाकून शिकलो, म्हणून तो इथे लिहून ठेवत आहे. कर्करोगतज्ज्ञांकडे कधी, कोणती माहिती घेऊन आणि किती घाईने जायचे, एवढेच यातून कळावे. उपचार ठरवणे हे त्यांचेच काम आहे.

औषध नेमके काय करते

फाईलवर निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब, डुरव्हालुमॅब किंवा इपिलिमुमॅब यांपैकी एखादे नाव असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्या रक्तातल्या टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींनी, शत्रूवर तुटून पडावे, पण स्वतःच्या शरीरावर उलटू नये, म्हणून त्यांच्यावर काही लगाम असतात. कर्करोगाची गाठ हेच लगाम खेचून टी-पेशींना गप्प बसवते आणि ही औषधे ते लगाम सोडवतात. या लगामांच्या शोधाबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोकळ्या सुटलेल्या पेशी गाठीवर जातात, तशाच कधी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, कातडीवर किंवा थायरॉइडसारख्या ग्रंथींवर जातात आणि तिथे सूज आणतात.

एवढा एक फरक समजला की पुढचे सगळे सोपे होते. केमोच्या रुग्णाला जुलाब किंवा ताप आला, तर पेशी उतरून जंतुसंसर्ग झाला असावा ही पहिली शंका असते. इथे मात्र तेच लक्षण स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने आणलेल्या सुजेचे असू शकते, आणि तसे असेल तर ती सूज उतरवणारे औषध बहुधा स्टिरॉइड असते. लक्षण तेच असले तरी उपचाराची दिशा वेगळी असल्यामुळे, कोणते औषध चालू आहे हे न सांगता कोणत्याही दवाखान्यात जाणे धोक्याचे ठरते.

वेळापत्रकही वेगळे असते. अंगावरचे पुरळ दोन-तीन आठवड्यांत दिसू शकते, आतड्याचा त्रास साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर, यकृत आणि ग्रंथींचा त्याहून उशिरा. अर्थात हा अंदाज झाला. पहिल्या डोसनंतर चार दिवसांत त्रास झालेले रुग्ण आहेत, आणि शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनी झालेलेही आहेत. एकच औषध चालू असेल तर बहुतेकांचे दुष्परिणाम सौम्य राहतात. दोन औषधे जोडून दिली की चित्र पालटते. मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगावर निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र देऊन जी मोठी चाचणी झाली, तीत निम्म्याहून अधिक रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले होते. म्हणून आपल्याला एक औषध आहे की दोन, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

डोस कमी आहे म्हणून लक्षही कमी ठेवून चालत नाही. डोके-मानेच्या कर्करोगात, ज्यात आपल्याकडे तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग येतो, मुंबईच्या टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. एरवी ते दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम दिले जाते. कर्करोगावरच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांच्या जोडीला हा छोटा डोस दिल्यावर एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ज्यांना पूर्ण डोसचा खर्च पेलवत नाही, अशांना हा मार्ग त्यामुळे मिळाला. पुढे दिलेली लक्षणे मात्र त्यांनीही तितक्याच गांभीर्याने पाहावीत.

पहिला डोस चढण्यापूर्वी

औषध सुरू होण्याआधी रक्तातील पेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), साखर, थायरॉइड आणि इसीजी या तपासण्या होतात. त्यांचे कागद जपून ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक आकड्याची तुलना याच आकड्यांशी होते. आधीपासून सांधेवात, सोरायसिस, आतड्याचा जुना आजार किंवा थायरॉइड असेल, कधी क्षयाची औषधे घेतली असतील किंवा एखाद्या अवयवाचे प्रत्यारोपण झाले असेल, तर ते न विचारता सांगावे. अण्णांनी वीस वर्षांपूर्वी सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि ही गोष्ट घरात सगळे विसरून गेले होते. ती आईला आठवली, आणि पुढे स्टिरॉइड द्यायची वेळ आली तेव्हा तिचा उपयोग झाला. दबलेला क्षय स्टिरॉइडमुळे पुन्हा डोके वर काढू शकतो.

घरात थर्मामीटर, रक्तदाब मोजायचे यंत्र, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि वजनकाटा एवढी साधने असावीत. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर हवेच. कोविडच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर कपाटात पडून असते. त्याचे सेल तपासून आधी स्वतःच्या बोटाला लावून पाहावे.

दुसरी गरज एका कार्डाची. औषध देणारे रुग्णालय छापील कार्ड देत असेल तर उत्तम, नसेल तर जाड कागदावर आपणच लिहावे. आम्ही लिहिलेला मजकूर असा होता: ‘या रुग्णास इम्युनोथेरपी सुरू आहे. औषधाचे नाव अमुक, शेवटचा डोस अमुक तारखेस. ही केमोथेरपी नाही. जुलाब, खोकला, दम, कावीळ, तीव्र थकवा, छातीत दुखणे किंवा स्नायूंत अशक्तपणा असल्यास तो या औषधाचा दुष्परिणाम असू शकतो. कृपया उपचारापूर्वी पुढील क्रमांकावर बोलावे.’ खाली कर्करोगतज्ज्ञांचा आणि डे केअरचा, म्हणजे जिथे डोस चढवतात त्या विभागाचा, क्रमांक होता. मागच्या बाजूला हाच मजकूर इंग्रजीत घ्यावा, कारण रात्रपाळीचे डॉक्टर तोच आधी वाचतात. एक कार्ड रुग्णाच्या खिशात, एक फाईलमध्ये आणि एक शेजारी द्यावे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. शेजारच्या तेलुगू कुटुंबातला मुलगा रिक्षा चालवतो आणि मी गावाला असताना रात्री धावपळ करणारा तोच, म्हणून तिसरे कार्ड त्याच्या रिक्षात होते.

डोस पुण्या-मुंबईला असला तरी सोलापुरातला एक फिजिशियन आधीच ठरवून ठेवावा. त्यांना फाईल दाखवावी, कार्डाची प्रत द्यावी आणि दोन्ही डॉक्टरांचे एकमेकांशी एकदा तरी फोनवर बोलणे होईल असे पाहावे. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला किंवा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन दाखवू, असा विचार दुष्परिणामाच्या दिवशी उपयोगी पडत नाही. त्या दिवशी जवळचाच डॉक्टर लागतो.

जुलाब: सर्वांत जास्त गल्लत इथे होते

आमची चूक सांगतो. तिसरा डोस झाला तेव्हा मे महिना होता, पारा बेचाळीसच्या वर होता. गुरुवारी अण्णांना जुलाब सुरू झाले. ते म्हणाले, “उन्हाचं आहे रे, पोट तापलंय.” आम्हालाही ते पटले, कारण सोलापुरात मे महिन्यात प्रत्येक घरात कोणाचे तरी पोट तापलेले असते. शुक्रवारी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे अँटिबायोटिक आणि पोट बांधायच्या गोळ्या मिळाल्या. इम्युनोथेरपीचे नाव आम्ही काढले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. गोळ्यांनी दीड दिवस बरे वाटले. आत सूज वाढत होती आणि वरून लक्षण झाकले गेले होते. रविवारी रात्री शौचात आव आणि रक्ताचे धागे दिसले. सोमवारी सकाळी डे केअरला फोन लावला, तेव्हा तिथल्या सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला: “चोवीस तासांत किती वेळा? आणि एरवी किती वेळा जातात?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

तो प्रश्न औपचारिक नव्हता, सगळा निर्णय त्या आकड्यावर ठरतो. नेहमीपेक्षा चार वेळांहून कमी वाढ असेल तर ती सौम्य पायरी मानतात. चार ते सहा वेळा जास्त झाल्यास मध्यम पायरी होते; तेव्हा पुढचा डोस थांबवून बहुधा स्टिरॉइड सुरू करतात. सात किंवा त्याहून जास्त वेळा म्हणजे गंभीर, तेव्हा रुग्णाला दाखल करतात. आकड्याशिवाय आणखी काही खुणा आहेत: रक्त, आव, पोटात मुरडा, ताप, किंवा रात्री झोपेतून उठून जावे लागणे. यांपैकी एकही असेल तर आकडा कितीही लहान असो, त्याच दिवशी फोन करावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात या सगळ्याला शरीरातले पाणी कमी होण्याची जोड मिळते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून पिण्याची सवय चुकीची आहे. लघवी किती वेळा होते आणि तिचा रंग कसा आहे, हेही लिहावे. जुलाब असेपर्यंत दूध, कच्ची कोशिंबीर, शेंगा चटणी आणि तिखट रस्सा बंद ठेवून भाताची पेज, मऊ भात, पातळ वरण आणि केळे द्यावे. कडक भाकरी ही आमच्या घरातली रोजची गोष्ट, ती त्या आठवड्यात डब्यातच राहिली. पोट बांधायची कोणतीही गोळी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये. ती गोळी वाईट नाही, पण ती सूज उतरवत नाही आणि आकडा खोटा करते.

रुग्णालयात आधी शौचाची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहतात. गरज पडल्यास दुर्बिणीने आतडे तपासतात. अण्णांना शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर तिसऱ्या दिवशी फरक पडला. ज्यांना तीन ते पाच दिवसांत फरक पडत नाही, त्यांना इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब अशी पुढची औषधे दिली जातात, म्हणून सुरुवातीचे दिवस घरी वाया घालवणे परवडत नाही.

त्यानंतर आमच्याकडे वही आली. अण्णा निवृत्त यंत्रमाग कामगार आहेत. शौचाची नोंद ठेवायची म्हटल्यावर ते आधी संकोचले, मग त्यांनी स्वतःच खिशातली पेन्सिल काढली आणि मागावर टॉवेल मोजताना मारायचे तशा रेघा मारायला लागले: चार उभ्या, पाचवी आडवी. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत एक ओळ. बाजूला वजन, ताप आणि ऑक्सिजनचा आकडा. पुढच्या प्रत्येक भेटीत डॉक्टर आधी ती वही मागत.

खोकला आणि दम

फुप्फुसाला येणारी सूज जुलाबांहून कमी जणांना होते, पण झाली तर वेगाने वाढू शकते. कोरडा खोकला नव्याने सुरू होणे किंवा जुना खोकला वाढणे, जिना चढताना नेहमीपेक्षा लवकर दम लागणे, छाती भरल्यासारखी वाटणे ही तिची लक्षणे. ऑक्सिमीटरचा आकडा बसल्या जागी ठीक येतो आणि घरात पाच-सहा मिनिटे चालल्यावर घसरतो, असे सुरुवातीला होऊ शकते, म्हणून दोन्ही वेळा मोजावे. नेहमीच्या आकड्यापेक्षा तीन-चारने उतरलेला दिसला, तर तो आकडा कागदावर चांगला वाटला तरी फोन करावा. खोकल्याच्या बाटलीवर आठवडा काढू नये. एक्स-रेमध्ये ही सूज सुरुवातीला दिसतेच असे नाही. बहुधा सीटी स्कॅन लागतो, आणि आपल्याकडे क्षयासाठी थुंकीची तपासणीही सोबतच करून घेतात. विडी-सिगारेट चालू असेल तर ती आता तरी सुटली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

थकवा म्हणजे फक्त थकवा नव्हे

थकवा या औषधांत पुष्कळांना येतो आणि ‘कॅन्सर आहे, थकवा यायचाच’ या वाक्याखाली तो गाडला जातो. त्यामागे काही वेळा ग्रंथी असतात. थायरॉइडला आधी सूज येऊन हार्मोन जास्त सुटते, तेव्हा धडधड, घाम आणि वजन घटणे दिसते. काही आठवड्यांनी ग्रंथी मंदावते, मग थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, सूज आणि सुस्ती येते. साधारण दहा रुग्णांत एकाला हे होते. एक गोष्ट दिलासा देणारी आहे: थायरॉइड मंदावली म्हणून कर्करोगाचे औषध सहसा बंद करावे लागत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. आमच्याकडे अण्णांचा चहा लांबवणे हेच सर्वांत अवघड काम होते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीला सूज आली तर मात्र प्रकरण तातडीचे होते. न थांबणारी डोकेदुखी, उभे राहताच चक्कर, रक्तदाब खाली, अन्नावरची वासना जाणे, गोंधळलेले बोलणे, रक्तातील सोडियम कमी होणे, असे चित्र दिसले की कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवते त्या स्टिरॉइडची, तपासणी करून घ्यावी. हा त्रास इपिलिमुमॅब घेणाऱ्यांत जास्त आढळतो. अशा रुग्णाला थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड द्यावे लागते. क्रम उलटा झाला तर प्रकृती ढासळू शकते. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बहुतेकांना पुढे कायम घ्यावी लागते. ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया अशा वेळी ती चुकवायची नसते, उलट डॉक्टर ती वाढवतात.

मधुमेह नसलेल्या माणसाला अचानक खूप तहान, वारंवार लघवी, पोटात दुखणे आणि धाप अशी लक्षणे दिसली, तर त्याच तासात साखर तपासावी. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला होऊन काही दिवसांत साखर पाचशेच्या वर गेल्याचे प्रकार क्वचित का होईना, होतात. तिथे गोळ्या चालत नाहीत, इन्सुलिनच लागते.

कातडी, यकृत, सांधे

पुरळ आणि खाज हा सर्वांत आधी दिसणारा आणि बहुधा निभावून नेता येणारा त्रास आहे. कोमट पाण्याने आंघोळ, सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर, सुती कपडे आणि दुपारच्या उन्हात बाहेर न पडणे, एवढ्यावर बरेच भागते. औषधाच्या दुकानातून खाजेवर मिळणारी, बुरशी, जंतू आणि स्टिरॉइड असे सगळे एकत्र असलेली ट्यूब आणून लावू नये. लागेल ते मलम डॉक्टर पुरळाची व्याप्ती पाहून ठरवतात. अंगावर फोड येणे, कातडी सुटणे, तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी व्रण होणे आणि सोबत ताप, हे मात्र थेट रुग्णालयात जाण्याचे कारण आहे.

यकृताची सूज बहुधा काही न जाणवता रक्तातच दिसते, म्हणून प्रत्येक डोसआधीची तपासणी चुकवू नये. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखणे ही उशिराची लक्षणे आहेत. सांधे आखडणे, मुठी न वळणे असा त्रास झाला तर दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि या औषधांत मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते.

ज्याला एक रात्रही देऊ नये

हृदयाच्या स्नायूला येणारी सूज दुर्मीळ आहे, शंभरात एखाद्या रुग्णाला होते, पण झाली तर जिवावर बेतते आणि बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच होते. छातीत दुखणे, धडधड, बसल्या बसल्या दम, पायांवर सूज ही तिची लक्षणे. पापणी खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, घास गिळता न येणे, मान धरवत नाही असे वाटणे ही लक्षणे दिसली तर स्नायू आणि नसांवर हल्ला झालेला असू शकतो आणि त्याच्यासोबत हृदयही सापडलेले असू शकते. अशा वेळी १०८ ला फोन करून अतिदक्षता विभाग असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. तिथे कार्ड दाखवून इसीजीबरोबर ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी) रक्ततपासणी करावी, असे स्पष्ट सांगावे. ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ हे वाक्य त्या रात्री घरात कोणी उच्चारू नये.

स्टिरॉइड: भीती आणि घाई, दोन्ही नकोत

स्टिरॉइडचे नाव काढताच आपल्याकडे माणसे दचकतात. दुष्परिणामावर ते वेळेत दिले नाही तर अवयव जाऊ शकतो, हे समजून घ्यावे. मात्रा वजनावर ठरते. मध्यम त्रासाला दर किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, गंभीर त्रासाला एक ते दोन मिलिग्रॅम. अण्णांचे वजन अठ्ठावन्न किलो, त्यांना घरी सोडताना रोज साठ मिलिग्रॅम चालू होते. या औषधामुळे इम्युनोथेरपीचा फायदा वाया जाईल, अशी शंका आम्हीही विचारली होती. दुष्परिणामावर उपचार करावे लागलेल्या पुष्कळ रुग्णांत गाठ आटोक्यात राहिलेली दिसते, एवढे उत्तर आम्हाला पुरले.

खरी कसोटी ते कमी करताना असते. चार दिवसांत पोट बरे झाले की गोळ्या थांबवाव्याशा वाटतात. तसे केल्यास सूज उसळून परत येते, शिवाय शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असल्यामुळे माणूस कोसळू शकतो. कमी करण्याला किमान चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तारखेनुसार पायऱ्यांचा तक्ता करून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता, कारण सकाळी गोळी हातात घेतली की तिथेच नजर जाई. गोळी सकाळी, पोटात काही गेल्यावर घ्यावी. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. अण्णा दोन आठवडे पहाटे तीनला उठून बसत आणि एरवी शांत असलेला हा माणूस भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून देई. ते औषधाचे बोलणे आहे, त्यांचे नाही, हे आईला समजावून सांगावे लागले.

मधुमेही रुग्णाने एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, पहाटेची उपाशीपोटीची चांगली येते. फक्त सकाळची पाहून समाधान मानले तर फसगत होते. जेवणानंतरची, विशेषतः संध्याकाळची, मोजावी. रोज वीस मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन चार आठवड्यांहून जास्त चालणार असेल, तर न्यूमोनिया टाळण्यासाठी एक वेगळी प्रतिबंधक गोळी, तसेच हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. चिठ्ठीत ते नसेल तर विचारावे. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर थांबू नये. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत नेण्याचा आग्रहही त्या वर्षापुरता सोडावा.

इम्युनोथेरपी पुन्हा सुरू करायची की नाही, हे त्रास किती गंभीर होता यावर ठरते. बहुधा लक्षणे सौम्य पायरीवर उतरल्यावर आणि स्टिरॉइड दहा मिलिग्रॅमवर किंवा त्याखाली आल्यावर विचार होतो. जीवघेणा त्रास झाला असेल तर ते औषध कायमचे बंद होते. ग्रंथींचे त्रास याला बहुतांशी अपवाद, कारण तिथे कमी पडलेले हार्मोन गोळीने देता येते.

काढे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ सगळे

घरात कर्करोग आहे हे कळताच प्रत्येक पाहुणा काहीतरी घेऊन येतो. इम्युनोथेरपी हा शब्द ऐकून तर ‘म्हणजे इम्युनिटी वाढवायची’ असा अर्थ लावून गुळवेल, अश्वगंधा, नाना प्रकारचे रस आणि डब्यांतल्या पावडरी येतात. आपली अडचण नेमकी उलटी आहे: इथे प्रतिकारशक्ती आधीच मोकळी सुटलेली आहे. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती सूज प्रतिकारशक्ती उलटल्यावर येते तशीच होती. इम्युनोथेरपीच्या रुग्णात यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी वाढले आणि मध्ये काढाही चालू असला, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही आणि चांगले चाललेले औषध विनाकारण थांबते. मी आणलेले काहीही नाकारत नसे. घेऊन ठेवत असे आणि कर्करोगतज्ज्ञांना विचारून कळवतो, असे सांगत असे. मावशीचा मान राहिला आणि बाटलीही बंद राहिली.

फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घेता येते. जिवंत जंतूंच्या लसी मात्र, विशेषतः स्टिरॉइड चालू असताना, टाळतात. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी उपचार चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतरही काही महिने, औषधानुसार साधारण तीन ते पाच, गर्भधारणा टाळावी लागते. हा प्रश्न संकोचामुळे विचारायचा राहतो, म्हणून वहीत आधीच लिहून न्यावा.

शेवटच्या डोसनंतर

औषध थांबले म्हणजे त्याचा अंमल थांबला असे नाही. प्रतिकारशक्तीला लागलेली नवी सवय महिनोन्महिने टिकते, म्हणून थायरॉइड, यकृत, साखर आणि क्रिएटिनिन यांच्या तपासण्या नंतरही ठरलेल्या अंतराने करून घ्याव्यात आणि कार्ड किमान वर्षभर तरी खिशातून काढू नये. दात काढायचा असो, मोतीबिंदू असो की साधा ताप असो, नव्या डॉक्टरांसमोर ते आधी ठेवावे.

शेवटचा डोस होऊन आठ महिने झाल्यावर अण्णा दाढ दुखते म्हणून नवी पेठेत दाताच्या दवाखान्यात एकटेच गेले होते. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी खिशातून ते कार्ड काढून डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवले. कार्डाच्या कडा आता कापडासारख्या मऊ झाल्या आहेत, आणि शेवटच्या डोसच्या तारखेखाली त्यांनी पेन्सिलीने आठ रेघा मारल्या होत्या: चार उभ्या, पाचवी आडवी, आणि पुढे तीन.